दुसरी प्रत कुठे ठेवावी?

१९३९ या एकाच वर्षी वऱ्हाडात दोन अतिशय जुन्या मजकुरांना उजेड दिसला. वाशीममध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला, आणि अमरावतीहून ‘षट्खंडागम’ या प्राचीन जैन आगमाचा पहिला छापील खंड वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेसह बाहेर पडला. ताम्रपट चौथ्या शतकातला, तर धवला नवव्या शतकाच्या आरंभीची. पहिला मजकूर तांब्यावर कोरलेला होता म्हणून तगला. दुसरा ताडपत्रावर होता. ताडपत्राला ओल, वाळवी आणि आग यांची कायमची धास्ती असते, त्यामुळे तो आपल्यापर्यंत पोहोचला तो नकला होत गेल्या म्हणून. लिहिलेले जपायचे हे दोनच मार्ग माणसाला पूर्वापार ठाऊक आहेत: ज्यावर लिहायचे ती वस्तू भक्कम करायची, नाहीतर प्रती वाढवायच्या. आज वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारचा एखादा विद्यार्थी गेमिंग लॅपटॉप घ्यायला निघतो. त्या लॅपटॉपमध्ये डिस्क बसवायला दोन जागा असतात आणि दोन्ही डिस्क एकत्र जुंपण्याची ‘रेड’ ही रचना करून घ्यायची की नाही, हे त्याला ठरवायचे असते. प्रश्न नव्या यंत्राचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी हाच जुना पेच आहे. त्याचे उत्तर याच मुलखाच्या इतिहासात सापडते, असे माझे म्हणणे आहे. ते उत्तर असे: प्रती किती आहेत यापेक्षा त्या एकमेकींपासून किती दूर आहेत आणि किती वेगवेगळ्या हातांत आहेत, यावर मजकुराचे आयुष्य ठरते.

शेलूबाजार हे मंगरुळपीर तालुक्यातले गाव. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, कारंजा आणि मालेगाव यांच्या मधे ते वसले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून या नव्या रस्त्यावरून उतरण्याचे ठिकाण म्हणूनही त्याची ओळख झाली आहे. पण नाव सांगते त्याप्रमाणे गावाची मूळ ओळख बाजाराची. आणि बाजाराला प्रतीचे महत्त्व कुणी शिकवावे लागत नाही. सोयाबीन किंवा तूर विकली की अडत्या हिशोबपट्टी फाडतो. पावतीपुस्तकात दोन पानांच्या मधे निळा कार्बन सरकवलेला असतो. वरच्या पानावर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी एकूण रक्कम लिहिली की तेच आकडे खालच्या पानावर उमटतात. एक पान शेतकऱ्याच्या खिशात जाते, दुसरे अडत्याच्या पुस्तकात राहते. या साध्या व्यवस्थेचे बळ कार्बनच्या कागदात नाही, पाने दोन ठिकाणी जातात यात आहे. दोन्ही पाने पुस्तकातच राहिली असती, तर पुस्तक हरवल्यावर दोन्ही गेली असती, आणि आकड्यावरून वाद झाला असता तर पडताळायला शेतकऱ्याच्या हाती काहीच उरले नसते. कार्बनने प्रत तयार होते, पण संरक्षण मिळते ते पान फाडून दुसऱ्याच्या हाती दिल्यावर. ‘रेड’चा विचार करताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

रेडचा जन्म सुरक्षेच्या काळजीतून झालेला नाही, तो झाला खर्चाच्या आणि वेगाच्या हिशेबातून. १९५६ साली आयबीएमने पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली, तेव्हा २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर मिळून जेमतेम पन्नास लाख अक्षरे मावत. पुढची तीस वर्षे मोठ्या संगणकांच्या डिस्क मोठ्या आणि महागच राहिल्या. १९८० नंतर घरगुती संगणकांसाठी लहान, स्वस्त डिस्क निघाल्या. तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी विचार केला, की एका अवजड डिस्कऐवजी अशा अनेक लहान डिस्क एकत्र जुंपल्या तर? १९८८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि रेड हे आद्याक्षरी नाव रूढ झाले. त्या नावातल्या एका अक्षराचा मूळ अर्थ ‘स्वस्त’ असा होता, पुढे डिस्क विकणाऱ्या उद्योगाने तो बदलून ‘स्वतंत्र’ असा केला. त्या निबंधातला एक हिशोब आजही डोळे उघडणारा आहे. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले आणि अशा १०० डिस्क जोडल्या, तर त्यांतली कुठली तरी एक बिघडायला सरासरी फक्त ३०० तास लागतात, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. जोडीने काम वेगात होते, पण जोड जितकी मोठी तितकी ती तुटण्याची शक्यताही मोठी. म्हणून त्या तिघांनी जादा नोंद ठेवण्याच्या पाच पद्धती मांडल्या. पहिली सरळ आरशासारखी: एका डिस्कवर जे लिहाल तेच दुसरीवर. पाचवीची युक्ती हिशोबपट्टीवरून कळेल. पट्टीवरचा एखादा आकडा पाणी पडून पुसला गेला, तरी बाकीचे आकडे आणि एकूण बेरीज शाबूत असेल तर पुसलेला आकडा वजाबाकीने काढता येतो. पाचव्या पद्धतीत अशी ‘बेरीज’ सगळ्या डिस्कवर विखरून ठेवलेली असते, म्हणून तिला निदान तीन डिस्क लागतात आणि दोन जागांच्या लॅपटॉपमध्ये ती बसत नाही. मजकुराचे तुकडे करून ते दोन डिस्कवर वाटून टाकायचे आणि जादा नोंद मुळीच ठेवायची नाही, ही ‘रेड-०’ नावाची पद्धत त्या पाचांत नव्हती. तिला नाव नंतर मिळाले, आणि त्यातले शून्य हे संरक्षण शून्य असल्याचीच कबुली आहे.

गेमिंग लॅपटॉपच्या जाहिरातीत मात्र मान मिळाला तो याच शून्याला. त्याला तेव्हा कारणही होते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो मजकूर सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि सुई योग्य वर्तुळावर सरकायला लागणारा वेळ वेगळाच. मोठा गेम उघडताना हजारो फायली वाचायच्या असतात, त्यामुळे खेळणाऱ्याला पडद्याकडे बघत बसावे लागे. २००७ च्या डेलच्या एक्सपीएस एम १७३० या लॅपटॉपमध्ये दोन डिस्क जोडण्याची सोय होती. २०१२ च्या सुमारास एमएसआयने ‘सुपर रेड’ या नावाने लहान एसएसडींची, म्हणजे फिरणारा भाग नसलेल्या डिस्कची, जोडी विकायला काढली, आणि २०१८ मध्ये आसुसच्या रॉग जी ७०३ मध्ये तीन एसएसडी एकत्र जुंपल्या गेल्या. पण मधल्या काळात डिस्कच बदलली होती. लॅपटॉपची फिरती डिस्क सेकंदाला सुमारे १०० एमबी देई, साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० एमबी देऊ लागली, आणि एनव्हीएमई जोडणीची एकटी एसएसडी आधी सुमारे ३,५०० आणि पुढे ७,००० एमबीपर्यंत गेली. जो वेग मिळवण्यासाठी दोन डिस्क जुंपायच्या, त्याच्या कित्येक पट वेग आता एका डिस्कमध्ये आला आहे.

यावर आक्षेप येतो, की एका एसएसडीने इतके मिळत असेल तर दोन जोडल्यावर दुप्पट मिळेलच, मग ते का सोडावे? दुप्पट मिळते ते एखादी प्रचंड मोठी फाइल सरळ एका दमात वाचताना किंवा लिहिताना. कित्येक गीगाबाइटचे व्हिडिओ संकलन रोज करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, हे मान्य केले पाहिजे. गेमचे काम वेगळ्या घडणीचे असते. तो लहान लहान तुकडे इकडूनतिकडून मागतो आणि दाबून ठेवलेला मजकूर उलगडण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. एका लहान तुकड्याला लागणारा वेळ डिस्कची जोडी केल्याने कमी होत नाही. म्हणजे लाभ आकड्यांत मोठा दिसतो आणि खेळताना जाणवत नाही. धोका मात्र पूर्ण पदरात पडतो. समजा एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात तीन आहे, तर रेड-० मध्ये दोन डिस्कपैकी एखादी बिघडण्याची शक्यता जवळजवळ सहा होते. आणि एक गेली की दुसरीवरचे उरलेले तुकडेही निकामी, कारण अर्धे अर्धे फाडलेले पत्र एका तुकड्यावरून वाचता येत नाही. ‘गेम काय, पुन्हा उतरवून घेता येतो,’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. १०० जीबीचा गेम २० एमबीपीएसच्या जोडणीवर अखंड उतरवला तरी अकरा तासांहून जास्त वेळ लागतो. त्याच लॅपटॉपवर असलेले महाविद्यालयाचे प्रकल्प, घरच्या लग्नाचे फोटो आणि वडिलांच्या शेताची स्कॅन केलेली कागदपत्रे तर कुठल्याही कंपनीकडून पुन्हा उतरवता येत नाहीत.

मग रेड-१, म्हणजे आरसा, हा सुरक्षित पर्याय नव्हे काय? इथे शेलूबाजारच्या शेजारचे कारंजा कामाला येते. कारंज्याची जैन मंदिरे हस्तलिखितांच्या भांडारांसाठी प्रसिद्ध आहेत. पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’सारखे अपभ्रंश ग्रंथ १९३० च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून अभ्यासकांसमोर आले. धवलेची कथा याहून बोलकी आहे. तिची ताडपत्रे कित्येक शतके कर्नाटकातल्या मूडबिद्रीत, एकाच ठिकाणी, बंदोबस्तात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे नक्कल करण्याचे काम सुरू झाले. त्यातून एक प्रत सहारनपूरला पोहोचली, आणि तिथून नकलेची नक्कल होत होत ग्रंथ आरा, अमरावती आणि कारंजा इथे आला. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे हीरालाल जैन यांनी अशा प्रती समोर ठेवून संपादन केले. तेव्हा ९३ व्या सूत्रात एक शब्द गळला असावा असे त्यांच्या लक्षात आले. हाती असलेल्या नकलांत तो शब्द नव्हता. अर्थाच्या संगतीवरून तिथे ‘संजद’ हा शब्द हवा, अशी टीप त्यांनी दिली. त्यावर जैन विद्वानांत मोठा वाद झाला. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहता तो शब्द मूळ पोथीत मिळाला. आरशाची मर्यादा यातून स्पष्ट दिसते. एकाच नकलेतून निघालेल्या कितीही प्रती जमवल्या, तरी त्या नकलेतली चूक सगळ्यांत सारखीच उतरते. चूक सापडते ती वेगळ्या वाटेने जपलेल्या प्रतीमुळे. रेड-१ मध्ये हेच क्षणार्धात घडते. चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. व्हायरसने फाइल कुलूपबंद केली तर आरशातली प्रतिमाही कुलूपबंद होते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात. लॅपटॉप एसटीत विसरला, त्यावर चहा सांडला, किंवा चोरीला गेला, तर मूळ आणि प्रत एकदमच जातात.

वेगळ्या ठिकाणी असलेल्या प्रतीचे मोल वऱ्हाडाने याहूनही आधी मोजले आहे. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्या घटना प्रत्यक्ष पाहिल्या, ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ तरीही वाचला, कारण तो हिराइसेसारख्या शिष्यांच्या मुखोद्गत होता. त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. वेगवेगळ्या स्मरणांतून वेगवेगळे पाठ निर्माण झाले आणि संपादकांना आजही त्यांची तुलना करावी लागते. हा त्या व्यवस्थेचा दोष म्हणता येईल. पण एकही अक्षर न बदललेली एकमेव पोथी लुटीत गेल्यावर काय उरते? काही नाही. थोडे वेगळे असलेले पाठ उरले, म्हणूनच तेराव्या शतकातली मराठी आज आपल्याला ऐकू येते.

हा पोथ्यांचा न्याय यंत्रांना कसा लावायचा, असा प्रश्न रास्त आहे. पोथी शतकानुशतके झिजते, डिस्क एका क्षणात जाते. नकलनवीस चुकतो, यंत्र तंतोतंत नक्कल करते. हा फरक मी मान्य करतो, पण यंत्राची तंतोतंत नक्कलच संकटात घातक ठरते, हे २७ जून २०१७ ला जगाने पाहिले. त्या दिवशी नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पाडले. आपल्याकडे जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंपनीच्या संगणकांची मध्यवर्ती नोंदवही जगभरच्या अनेक यंत्रांवर होती आणि ती यंत्रे सतत एकमेकांशी जुळवून घेत. म्हणून ती एकदमच गेली. वाचले एक यंत्र. ते आफ्रिकेतल्या घाना देशात होते आणि हल्ल्याआधी वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेले होते. त्या एका प्रतीवरून सगळी व्यवस्था पुन्हा उभी केली गेली. प्रती पुष्कळ होत्या, पण उपयोगी पडली ती जोडलेली नसलेली. मूडबिद्रीच्या ताडपत्रांनी आणि हिराइसेच्या स्मरणाने जे काम केले, तेच तिथे वीज गेलेल्या एका यंत्राने केले.

आणखी दोन आक्षेप उरतात. एक असा, की एसएसडीत फिरणारे काही नाही, मग ती कशाला बिघडेल? तांब्यासारखी भक्कम वस्तू असली की पुरे, हा जुनाच विश्वास यामागे आहे. पण एसएसडीचा नियंत्रक बिघडला तर ती बरेचदा पूर्वसूचना न देता गप्प होते, आणि फिरत्या डिस्कपेक्षा तिच्यातून मजकूर परत मिळवणे अवघड जाते. वाशीमचा ताम्रपटही तांब्यामुळे टिकला असला तरी मिळाला तो योगायोगाने. मधली कित्येक शतके तो कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. दुसरा आक्षेप असा, की आता सगळे क्लाउडवर असते, घरात प्रत कशाला? क्लाउडची प्रत चांगलीच. ती लांब असते, आणि लांब असणे हा तिचा मोठा गुण. पण आपोआप जुळवून घेणारे क्लाउडही आरशासारखेच वागते: इथे पुसले की थोड्या वेळाने तिथेही पुसले जाते. जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटी ठराविक दिवसच टिकतात, आणि खात्याचा पासवर्ड हरवला की दार बंद. शंभर जीबी चढवायलाही तितकाच वेळ आणि डेटा लागतो. म्हणून क्लाउड ही एक प्रत धरावी, ती एकमेव धरू नये.

रेड-१ निरुपयोगी आहे असे यातून निघत नाही. एक डिस्क बंद पडली तरी काम न थांबता चालू राहते, हा त्याचा खरा गुण आहे. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या संगणकाला त्याची गरज असते, कारण तिथे तासभर थांबणेही परवडत नाही. विद्यार्थ्याचा लॅपटॉप एक दिवस बंद राहिला तर अडचण होते, पण फोटो आणि प्रकल्प कायमचे गेले तर ते भरून निघत नाही. दोन्ही नुकसाने वेगळी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे. म्हणून दोन जागांचा लॅपटॉप घेणाऱ्याने रेड-० घेऊ नये, आणि रेड-१ साठी दुसऱ्या डिस्कची जागा आणि पैसाही अडकवू नये. एका एसएसडीवर विंडोज आणि रोजचे गेम ठेवावेत, दुसरी स्वतंत्र ठेवून तिच्यावर बाकीचा साठा करावा. जे पुन्हा मिळणार नाही त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. प्रत काढून झाली की ती डिस्क लॅपटॉपपासून सोडवावी आणि शक्य तर दुसऱ्या घरी, मामाकडे किंवा आजीच्या कपाटात ठेवावी. अधूनमधून ती उघडून दोनचार फायली वाचून पाहाव्यात, कारण न वाचलेल्या प्रतीत कुठला शब्द गळला आहे ते वेळ आल्याशिवाय कळत नाही. हिशोबपट्टीचे एक पान बाजारातून घरी न्यायची सवय शेलूबाजारच्या घराघरांत आहे. तीच सवय लॅपटॉपलाही लावा.